आतलं चाक

एसटीच्या मागच्या ॲक्सलला दोन्ही बाजूंनी जोडचाकं असतात. त्यातलं आतलं चाक बसलं तर बाहेरून काहीच कळत नाही. बाहेरचं चाक दोघांचा भार एकटं उचलतं. गाडी सरळ उभी राहते, चालते, वळते. घाटात कुठेतरी तेही दमतं आणि मग दोन्ही जातात. म्हणून रात्री मुक्कामाच्या गाड्या डेपोत लागल्या की अण्णा, म्हणजे माझे वडील, हातात टॉमी, म्हणजे लोखंडी सळई, घेऊन एकेका गाडीमागे वाकायचे आणि चारही चाकांवर एकेक ठोका घालायचे. हवा असलेला टायर टणकन वाजतो आणि टॉमी उडून हातात परत येते. हवा गेलेला थप्प करतो, टॉमी तिथेच पडून राहते. मी चौथी-पाचवीत असताना स्वारगेट डेपोत त्यांचा डबा घेऊन जायचे. बाकावर बसून तो आवाज ऐकत राहायचे. टण, टण, टण, थप्प. थप्प झालं की अण्णा खडूने चाकावर फुली मारायचे.

अण्णा एकतीस वर्षं टायर फिटर होते. त्या काळातल्या टायरला आत ट्यूब, ट्यूबखाली फ्लॅप आणि रिमला बाहेरून लोखंडी लॉक रिंग असायची. रिंग नीट बसली नसेल तर हवा भरताना ती सुटून गोळीसारखी येते. त्यामुळे हवा भरताना चाकासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, ही घरातली शिस्त होती. सायकलच्या चाकात हवा भरतानाही अण्णा आम्हा भावंडांना बाजूला सरकवायचे. आजही कुणी हवा भरत असेल तर माझे पाय आपोआप एक पाऊल मागे जातात.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे माझ्या गाडीचे टायर. २०२४ च्या जानेवारीत मी चारही रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, टायर काढून साधे ट्यूबलेस बसवले. घरात, ऑफिसात, सोसायटीत सगळ्यांनी विचारलं की चांगल्या गाडीचे महागडे टायर काढून स्वस्तातले का लावलेस. त्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून लिहायला बसले.

गाडी २०२२ साली घेतली. सहा वर्षं जुनी जर्मन सेडान, एका हातातली, अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर चाललेली. मी पतसंस्थांचं लेखापरीक्षण करते. महिन्यातले दहा-बारा दिवस सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली असा प्रवास असतो आणि मार्चनंतर तर परत निघायलाच रात्रीचे नऊ वाजतात. बहुतेक वेळा एकटी. गाडी विकणारे गृहस्थ म्हणाले, "ताई, हिला स्टेपनी नाही, कारण लागतच नाही. पंक्चर झाली तरी ताशी ८० च्या आत ठेवून ८० किलोमीटर जाते." खरं सांगायचं तर माझा निर्णय त्याच वाक्यावर झाला. रात्री साडेदहाला खंबाटकी उतरताना चाक बसलं तर काय, हा प्रश्न मी पंधरा वर्षं सोबत घेऊन फिरत होते. इतक्या वर्षांनी कुणीतरी त्याला उत्तर दिलं होतं.

गाडी घरी आली तेव्हा अण्णा खाली आले. रंग बघितला नाही, सीट बघितल्या नाहीत. काठी उलटी धरून चारही टायरवर ठोके मारले. मग मला म्हणाले, "ह्याची हवा सोड."

"किती?"

"सगळी."

मी पुढच्या डाव्या चाकाच्या वॉल्व्हची पिन दाबून धरली. बराच वेळ लागला. शेवटी फुस्स थांबलं तेव्हा गाडी त्या बाजूला अगदी किंचित खाली गेली होती. आधी माहीत नसतं तर मला ते दिसलंही नसतं. अण्णांनी पुन्हा काठी मारली. आवाज जवळपास तोच. त्यांनी दोन-तीनदा मारून पाहिली, खाली वाकून कान जवळ नेला. मग सरळ होऊन म्हणाले, "हा मुका आहे गं."

त्या दिवशी ते मला फारसं लागलं नाही. त्यांचा काळ वेगळा, हा टायर वेगळा, एवढंच वाटलं. हा टायर बनवलाच आहे हवा गेल्यावरही उभं राहण्यासाठी, तर तो आवाज कसा करेल?

साध्या टायरमध्ये गाडीचं वजन जवळजवळ सगळं आतली हवा तोलते. टायरची बाजू, म्हणजे साइडवॉल, ही त्या हवेला धरून ठेवणारी लवचीक पिशवी. हवा गेली की पिशवी दुमडते आणि रिम रस्त्याला टेकते. रनफ्लॅटमध्ये साइडवॉलच्या आत उष्णता सोसणाऱ्या टणक रबराचा जाड थर भरलेला असतो. हवा गेली की त्या दोन भिंती गाडीला खांद्यावर घेतात. पण त्या घडीला भिंती सतत दबतात, सुटतात, आतून तापतात. म्हणून वेगाची आणि अंतराची मर्यादा. प्रत्येक कंपनीने याला आपापलं नाव दिलं आहे. ब्रिजस्टोनच्या टायरवर आरएफटी लिहिलेलं असतं, मिशलिनच्या झेडपी, गुडइयरच्या आरओएफ, कॉन्टिनेंटलच्या एसएसआर. जुनी गाडी घेताना साइडवॉलवरची ही अक्षरं जरूर वाचा. आपल्या गाडीला कुठला टायर आहे हेच अनेकांना माहीत नसतं.

आणि हवा गेल्याचं डोळ्यांना दिसत नसल्यामुळेच रनफ्लॅट लावलेल्या गाडीत हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असावीच लागते. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो. माझ्या गाडीत तसा नाही. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित कमी होतो, म्हणून ते बाकीच्या तीन चाकांपेक्षा थोडं जास्त वेळा फिरतं. एबीएस या ब्रेकच्या यंत्रणेचे सेन्सर हा फरक मोजतात आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतात. हुशारीचं काम आहे. पण ते गाडी चालू लागल्यावर, काही अंतर गेल्यावरच कळतं. आणि हवा भरल्यानंतर ती यंत्रणा दर वेळी रीसेट करायची असते, हे मला गाडी घेतल्यावर चार महिन्यांनी समजलं.

गाडीतल्या माणसाला मात्र या टणक भिंती रोज जाणवतात. माझ्या टायरचा साइज २२५/५० आर १७. म्हणजे टायरची रुंदी २२५ मिलिमीटर आणि साइडवॉलची उंची त्याच्या निम्मी, जेमतेम सव्वाअकरा सेंटिमीटर. अण्णांनी वीत लावून मोजली होती, अर्धी वीतसुद्धा भरली नाही. तेवढ्या जागेत रस्त्याचा पहिला धक्का गिळायचा असतो. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर नंतर येतात, पहिली स्प्रिंग म्हणजे टायर. मोठा खड्डा किंवा गतिरोधक असेल तर सस्पेन्शन ते सांभाळतं. त्रास होतो तो बारीक, धारदार गोष्टींचा. पुलाचा सांधा, डांबराच्या पॅचची कड, ड्रेनेजचं बसलेलं झाकण, पेव्हर ब्लॉक. यांचा ठोका रनफ्लॅट आपल्या अंगात न जिरवता पुढे पाठवतो. आणि पुण्याचे रस्ते म्हणजे पॅचवर पॅच.

अण्णा पुढे डावीकडे बसतात. आता त्यांचं वय शहात्तर. कमरेत मणक्याची पोकळी अरुंद झाली आहे, शीर दबते, डाव्या पायात कळ जाते. हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. अण्णांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की "बरंय." त्यांचं दुखणं आईला विचारल्याशिवाय समजत नाही. आणि आईलाही ते झोपेत कूस बदलताना कण्हतात तेव्हाच समजतं. गाडीत ते कधी "हळू" म्हणाले नाहीत. फक्त बसले की डावा हात वर करून खिडकीवरचं हँडल धरायचे आणि उतरेपर्यंत सोडायचे नाहीत. एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या माणसाची सवय असेल, असं मी दीड वर्ष समजत होते.

२०२३ च्या जुलैमध्ये थोरल्या काकूच्या वर्षश्राद्धाला गुहागरला निघालो. मी, आई, अण्णा. ताम्हिणीमार्गे. मुळशीपासून पाऊस असा की वायपर कमी पडत होता. ताम्हिणी गाव सोडून उताराला लागल्यावर एका वळणावर पाण्याखालच्या खड्ड्यात डावं मागचं चाक गेलं. मोठा आवाज झाला, पण गाडी हलली नाही, ओढली नाही. तीन-चार किलोमीटरनंतर पिवळा दिवा लागला.

बाजूला थांबायला जागा नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला धुकं, मागून ट्रॅव्हल्सची बस. मी वेग चाळीसवर आणला आणि चालत राहिले. विळ्याला आलो, निजामपूरला आलो, माणगावला पोचलो. मागे बसलेल्या आईला काही झालंय हे कळलंही नाही. हे मी मोकळेपणाने लिहिते, कारण हे माझ्यावरचं उपकाराचं देणं आहे. त्या टायरने त्या दिवशी मला माझ्या म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन त्या वळणावर, त्या पावसात उतरू दिलं नाही. रनफ्लॅटला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तरी असा घाट उतरावा.

माणगावात हायवेला एका पंक्चरवाल्याकडे गाडी लावली. विशीचा मुलगा. त्याने टायर रिमवरून काढायला घेतला आणि त्याला फार जोर लावावा लागला, कारण या टणक कडा सहजी सुटत नाहीत. पलीकडच्या गॅरेजमधून आणखी एक जण मदतीला आला. टायर निघाला, मुलाने आत हात घातला आणि मूठ भरून बाहेर काढली. मूठ उघडली तर काळा भुगा. ओल्या चहापत्तीसारखा. साइडवॉल आतून रबर सोडत होती. खड्ड्यातल्या लोखंडाच्या तुकड्याने ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यात, पडलेलं भोक करंगळीएवढंही नव्हतं. एरवी आतून मश्रूम पॅच लावून भागलं असतं. पण हवेविना चाळीसेक किलोमीटर चालून टायर आतून संपला होता, आणि बाहेरून नव्यासारखा दिसत होता.

"ताई, दोरी लावून देतो मी, हवा पण राहील," मुलगा म्हणाला. "पण मी स्वतः नसतो बसलो ह्या गाडीत."

बाहेरून भोकात रबरी दोरी खुपसण्याचे त्याला दोनशे रुपये मिळाले असते. ते सोडून तो हे बोलला, म्हणून तो मुलगा मला अजून आठवतो.

मग फोनाफोनी. माणगावात त्या साइजचा रनफ्लॅट नाही. महाडला नाही. पनवेलच्या एका दुकानात एक आहे, उद्या दुपारी टेम्पोने येईल, तेवीस हजार. स्टेपनी नाही आणि डिकीत तिच्यासाठी खळगाही नाही. टायरमधून ८० किलोमीटर मिळतात. त्या ८० किलोमीटरच्या शेवटी योग्य टायरचं दुकान असेल, असं धरून ते गणित बसवलेलं आहे. ते जर्मनीत बसतं. माझा धाकटा भाऊ म्युनिकला असतो. तिकडे हिवाळ्याचे टायर वेगळे, साधारण ऑक्टोबर ते ईस्टर वापरायचे, उरलेले चार दुकानातच सांभाळायला ठेवायचे. रस्त्यात अडलं तर एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेची पिवळी गाडी मदतीला येते. त्या व्यवस्थेसाठी हा टायर चोख आहे. माणगाव आणि चिपळूणच्या मधल्या पावसाळी रस्त्याने मला वेगळाच हिशेब दाखवला.

श्राद्ध दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. अण्णा म्हणाले, "आम्ही एसटीने जातो, तू गाडीजवळ थांब." मी त्यांना माणगाव स्टँडवर सोडलं. चिपळूणची गाडी लागली. आई वर चढली. अण्णा चढले नाहीत. ते गाडीच्या मागे गेले, पावसात वाकले, आणि काठीने मागची चारही चाकं वाजवली. ड्रायव्हर आरशातून बघत होता. तो खाली उतरून आला तेव्हा अण्णा म्हणाले, "डाव्या बाजूचं आतलं जरा बघून घ्या." ड्रायव्हरने टॉमी काढली, स्वतः ठोकून पाहिलं आणि गाडी टायरवाल्याकडे वळवली. गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली. एकही प्रवासी बोलला नाही.

ती चाळीस मिनिटं मी स्टँडच्या छपराखाली उभी होते. माझ्या गाडीचा टायर मला हवा गेल्याचं दिसू देत नव्हता, ऐकू देत नव्हता. त्याच्याऐवजी एक पिवळा दिवा बोलायचा, तोही उशिरा. समोर एका शहात्तरीकडे चाललेल्या माणसाने पावसात एका काठीने बसचं आतलं चाक शोधलं होतं. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की आपल्याला न थांबता जाण्याची सोय नको आहे, काय बिघडलंय ते वेळेवर कळण्याची सोय हवी आहे.

पण निर्णय घ्यायला आणखी सहा महिने गेले, आणि ते सहा महिने घालवले ते योग्यच केलं. गाडीच्या पुस्तकात लिहिलं आहे की टायर त्याच प्रकारचे लावावेत. गाडीचं सस्पेन्शन टणक साइडवॉल गृहीत धरून बसवलेलं असतं, त्यामुळे साध्या टायरवर गाडी वेगळी वागणार हे उघड होतं. मी इन्शुरन्स कंपनीला ईमेल करून बदल कळवला आणि लेखी पोच मागून घेतली. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी ही पायरी गाळू नये.

रिमचंही बघावं लागतं. रनफ्लॅटच्या रिमला आतल्या बाजूने जास्तीचा उंचवटा असतो, हवा गेल्यावर टायर रिमवरून निसटू नये म्हणून. त्या रिमवर साधा ट्यूबलेस बसतो. उलट मात्र करायचं नाही, साध्या रिमवर रनफ्लॅट चढवायचा नाही. आणि दोन असे, दोन तसे अशी मिसळ तर मुळीच नको. चार बदलायचे तर चार. लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग मूळ टायरएवढंच किंवा जास्त. माझ्या टायरवर ९४ डब्ल्यू आहे. ९४ म्हणजे एका टायरची क्षमता ६७० किलो, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर. "तुम्ही कुठे २७० ने जाता मॅडम, खालचं रेटिंग घ्या, तीन हजार वाचतील," असं एका दुकानात सांगितलं. मी तिथून उठून आले. मूळ रेटिंग त्या गाडीच्या वजनाला आणि ताकदीला धरून ठरवलेलं असतं. दोन-तीन हजारांसाठी त्याखाली उतरायचं मला पटलं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये कर्वे रोडजवळच्या एका दुकानात टायर बसवले. चार साधे छप्पन्न हजारांत झाले. रनफ्लॅटच्या चाराचा भाव शहाण्णव सांगितला होता. अण्णा सोबत होते. त्यांनी आधी चारही टायरवरचा चार आकडी कोड वाचून घेतला. ४७२३, म्हणजे २०२३ सालचा सत्तेचाळिसावा आठवडा. चारही एकाच आठवड्याचे.

जुना आणि नवा टायर शेजारी-शेजारी जमिनीवर उभे होते, दोन्ही रिकामे. अण्णांनी नव्याच्या वरच्या बाजूला तळहात ठेवून भार दिला. तो दबला, त्याचे गाल बाहेर आले, हात काढल्यावर हळूच वर आला. मग जुन्यावर तसाच हात ठेवला. काहीच झालं नाही. त्यांनी दोन्ही हात ठेवले, अंगाचा भार टाकला. काहीच झालं नाही. मी त्याच्या साइडवॉलच्या आत बोटं घालून जाडी चाचपून पाहिली, माझ्या अंगठ्याच्या पेराहून फार कमी नसेल. नव्याची साइडवॉल दोन बोटांत चिमटीत धरता येत होती. हातात घेऊन पाहिलं की सगळं समजतं. कागदावर वाचून माझं मन वळत नव्हतं, ते त्या दोन मिनिटांत वळलं.

वायुभरित टायरचा पहिला पेटंट १८४५ मध्ये रॉबर्ट थॉमसन यांनी घेतला आणि तो विसरला गेला. १८८७-८८ मध्ये बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तो पुन्हा शोधला, कारण टणक चाकांवर पोराला धक्के बसत होते. आणि १९७० च्या दशकात त्याच डनलप नावाच्या कंपनीने इंग्लंडमध्ये डेनोव्हो नावाचा, हवा गेल्यावरही चालणारा टायर काढला. एका बापाने लेकराला बसणारे धक्के कमी व्हावेत म्हणून चाकात हवा भरली, हे मला फार जवळचं वाटतं. माझ्या घरी फक्त बाप आणि लेक यांच्या जागा बदलल्या आहेत.

बसवून झाल्यावर अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि हवेची यंत्रणा रीसेट. दुकानदाराने नायट्रोजन भरू का विचारलं. साध्या हवेतच सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. मी हवाच भरली आणि दर पंधरा दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना, स्वतःच्या गेजने तपासते.

पुढच्या आठवड्यात कराडला जायचं होतं. अण्णांना आग्रह करून सोबत घेतलं. कात्रजचा बोगदा, शिंदेवाडी, खेड शिवापूरचा टोल. डावा हात हँडलवर होता. पुलांचे सांधे येत होते आणि मला ते स्टिअरिंगमध्ये जाणवत होते, पण टोकेरी नव्हते, कुणीतरी कापड गुंडाळून मारल्यासारखे. कापूरहोळच्या पुढे मी बाजूला पाहिलं तर हात मांडीवर होता. शिरवळला अण्णा झोपले होते. मी काही बोलले नाही. रेडिओ बंद केला आणि खंबाटकी संपेपर्यंत गाडी साठच्या वर नेली नाही.

बदलाने काही गेलंही, तेही सांगायला हवं. जलद लेन बदलताना गाडी आधी जशी पटकन वळायची तशी आता वळत नाही, क्षणभर विचार करून वळते. पहिला महिना मला ते खटकलं. आणि रात्रीचा तो प्रश्न माझ्याकडे परत आला. मी तो परत घेतला आहे याची मला पूर्ण जाणीव आहे. ज्या बाईला रात्री एकटीने प्रवास करायचा आहे, चाक बदलणं जमणार नाही किंवा बदलायचं नाही, तिने रनफ्लॅट ठेवावेत. कुणाच्या सांगण्यावरून काढू नयेत, माझ्याही नाही.

मी मात्र स्टेपनी घेतली. पूर्ण आकाराची डिकीत बसत नाही, म्हणून बारीक, ८० च्या वर न चालवायची. घेण्याआधी ती पुढच्या चाकाच्या जागी लावून बघितली, कारण ब्रेकच्या कॅलिपरला ती अडकणार नाही याची खात्री करावी लागते. सोबत जॅक, १७ नंबरचा पाना, लॉक बोल्टची चावी, छोटा कंप्रेसर, दोरीचं किट, टॉर्च, परावर्तक त्रिकोण. नव्या गाड्यांना २०२० पासूनच्या नियमाने, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते. नियमाचं ठीक आहे. माझी डिकी मी त्या नियमावर सोडली नाही.

मग तीन रविवार सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव. अण्णा प्लास्टिकच्या खुर्चीवर, मी खाली. माझ्या जर्मन गाडीला चाकाला नट नाहीत, बोल्ट आहेत. चाक लटकवून ठेवायला खुंटी नसते. चाक दोन्ही हातांनी उचलून धरायचं, भोक जुळवायचं आणि तसंच धरून पहिला बोल्ट घालायचा. पहिल्या रविवारी मला पन्नास मिनिटं लागली आणि दोन्ही मनगटं दुखली. अण्णांनी एक लांब, डोकं नसलेला बोल्ट बनवून आणला. तो आधी वरच्या भोकात घातला की चाक त्यावर टेकवता येतं. तिसऱ्या रविवारी बावीस मिनिटं. दुसऱ्या चाकामागे वीट. बोल्ट चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल. उचलल्यावर काढायचे. बसवताना समोरासमोरचे आवळायचे. पन्नास किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना फिरवायचा.

आणि एक गोष्ट अण्णांनी तीनही रविवारी बजावली. "एक्स्प्रेसवेवर किंवा घाटात अंधारात बसलं, तर थांबायचं नाही. दिवे लाव, दहाच्या वेगाने चालव. टायर फाटू दे, रिम वाकू दे, नवी घेऊ. उजेड आणि माणसं दिसली की मग थांब." त्यांच्या नोकरीत रस्त्याच्या कडेला चाक बदलताना मागून आलेल्या गाडीखाली गेलेला एक सहकारी होता. त्याचं नाव ते कधी घेत नाहीत.

२०२५ च्या जुलैमध्ये पुन्हा गुहागरला निघायचं होतं. सकाळी साडेसहाला अण्णांनी खालून हाक मारली, "खाली ये जरा. बसलंय."

डावं मागचं चाक. पार्किंगच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होतं. टायरचा खालचा भाग पसरला होता, गाडी त्या कोपऱ्यात कलली होती. मी वाकून हात फिरवला, ट्रेडमध्ये स्क्रूचं डोकं लागलं, चकचकीत, अजून गंजलेलंही नाही. अण्णांनी काठी मारली. थप्प.

आईने वरून विचारलं, उशीर होणार का? मी सांगितलं, अर्धा तास. वीट लावली, बोल्ट सैल केले, जॅक लावला. अण्णा आज खुर्चीवर बसले नाहीत, काठी टेकून उभेच राहिले. लांब बोल्ट घातला, बारीक चाक उचलून त्यावर टेकवलं. पाना हातात घेतला तेव्हा ते म्हणाले, "आधी हाताने. धागा जुळला की नाही ते पान्याला कळत नाही." मी पाना खाली ठेवला आणि पाचही बोल्ट बोटांनी फिरवून आत नेले. मग आवळले.

पौड रोडला पंक्चरवाल्याने साबणाचं पाणी लावलं, स्क्रूभोवती बुडबुडे आले, आतून पॅच लावला, साडेतीनशे घेतले. मूळ चाक पुन्हा लावून स्टेपनी डिकीत टाकली. अण्णा मागच्या बाजूला गेले, काठी काखेत धरली, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि बोटाने एकेक बोल्ट मोजला. पाच. मग कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले.

"कळ आली," ते म्हणाले. "दोन मिनिटं थांबू या."

मी त्यांना दुकानातला स्टूल आणून दिला.